विश्लेषण : घरच्या तबकड्या नीट ऐकू याव्यात म्हणून बनवलेला व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प जगभर कसा गाजला? सॉल मरँट्झ यांची कहाणी काय आहे?

विनाइल तबकड्या पुन्हा विकल्या जाऊ लागल्या आहेत. अमेरिकेत २०२०मध्ये विनाइलच्या विक्रीचे मूल्य १९८०च्या दशकानंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झाले. भारतातही अडगळीच्या खोलीत पडलेले रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीला जात आहेत. प्लेयर सुरू झाला, की घरात पुढचा प्रश्न निघतो तो अ‍ॅम्प्लिफायरचा. त्यातही व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प घ्यावा का, घेतला तर कोणता, यावर हौशी मंडळींत तासन् तास वाद रंगतात. या वादात एक नाव हमखास येते, ते म्हणजे मरँट्झचे मॉडेल ७. हा प्रीअ‍ॅम्प १९५८मध्ये बाजारात आला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या माणसाची सुरुवातही आजच्या हौशी श्रोत्यासारखीच, घरची यंत्रणा थोडी सुधारावी या इच्छेतून झाली होती.

सॉल मरँट्झ कोण होते?

मरँट्झ हे नाव आज रिसिव्हर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेयरवर दिसते. अनेकांना ती जपानी कंपनी वाटते. प्रत्यक्षात ते न्यूयॉर्कमधल्या एका माणसाचे आडनाव आहे. सॉल बर्नार्ड मरँट्झ यांचा जन्म १९११चा. पेशाने ते व्यावसायिक चित्रकार होते. जाहिराती आणि छपाईसाठी आरेखन करणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. गिटारवादन, छायाचित्रण आणि इलेक्ट्रॉनिक्स हे त्यांचे छंद.

ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. ध्वनियंत्रणेच्या इतिहासातली बरीच मोठी नावे अभियंत्यांची आहेत. मरँट्झ यांच्याकडे मात्र कान होता, हात होता आणि चित्रकाराची नजर होती. जिथे आपले ज्ञान कमी पडते, तिथे आपल्यापेक्षा हुशार अभियंता नेमायचा, एवढे शहाणपणही होते. पुढे याच सवयीने त्यांना कीर्ती मिळवून दिली आणि कंपनीही गमवायला लावली.

मोटारीतला रेडिओ घरात कशासाठी आणला?

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५मध्ये, सॉल आणि त्यांच्या पत्नी जीन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्स येथे राहायला आले. मरँट्झ यांच्याकडे १९४०ची मर्क्युरी मोटार होती. तिच्यातला रेडिओ त्यांनी काढला आणि तो घरात वाजवायचा घाट घातला. मोटारीचा रेडिओ बॅटरीवर चालणारा आणि लहान स्पीकरसाठी बनवलेला. तो घरात नीट वाजवायचा तर वीजपुरवठा वेगळा हवा आणि जोडीला इतर मंडलेही हवीत. एक वस्तू आणली, की तिच्यामुळे दुसरी बदलावी लागते आणि दुसरीमुळे तिसरी. ज्याने घरी कधी हाय-फाय जमवले आहे, त्याला हे दुखणे ठाऊक असेल. मरँट्झ यांनाही ते जडले.

तेवढ्यात १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ वादनाची तबकडी, म्हणजे एलपी आणली. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचे संगीत बसू लागले. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची तबकडी बाजारात उतरवली. संगीतप्रेमींना लॉटरी लागली खरी, पण तिच्यासोबत एक त्रासही घरात आला.

तबकडीला प्रीअ‍ॅम्प का लागतो?

तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा कार्ट्रिजमधून निघणारी वीज अगदी क्षीण, जेमतेम काही मिलिव्होल्ट असते. मुख्य अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालवायला साधारण एक व्होल्ट लागतो. म्हणजे मधल्या टप्प्यावर हा संकेत शेकडो पटींनी वाढवणे आले. हे प्रीअ‍ॅम्पचे पहिले काम.

दुसरे काम जास्त नाजूक आहे. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर खाच इतकी डावी-उजवीकडे जाईल, की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबला जातो. टिपेचे स्वर मात्र मुद्दाम वाढवले जातात, कारण ते तसेच ठेवले तर तबकडीच्या पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. वाजवताना याच्या नेमके उलट करायचे असते, म्हणजे खर्ज वाढवायचा आणि टीप कमी करायची. या उलट्या हिशेबाला इक्वलायझेशन म्हणतात. तो चुकला, तर तबकडी कितीही चांगली असो, गाणे एक तर कर्कश वाजते किंवा गोधडीखालून आल्यासारखे.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस गोंधळ असा होता, की खर्ज किती दाबायचा आणि टीप किती वाढवायची याचे प्रमाण प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले होते. कोलंबियाचे वेगळे, आरसीएचे वेगळे, जुन्या ७८च्या तबकड्यांचे आणखी वेगळे. घरात चार कंपन्यांच्या तबकड्या असतील तर एका जुळणीवर चारही नीट वाजणे अशक्य होते. बाजारातल्या प्रीअ‍ॅम्पवर मरँट्झ समाधानी नव्हते. त्यांनी स्वतःच एक बनवायला घेतला.

पहिला प्रीअ‍ॅम्प कसा तयार झाला?

त्यात त्यांची काही वर्षे गेली. अखेर जो प्रीअ‍ॅम्प तयार झाला त्याला त्यांनी ऑडिओ कन्सोलेट असे नाव दिले. खर्जासाठी सहा आणि टिपेसाठी सहा जागा असलेली दोन बटणे त्यावर होती. दोन्ही मिळून ३६ प्रकारच्या जुळण्या होत. कोणत्याही कंपनीची तबकडी लावा, तिच्या हिशेबाला जवळची जुळणी सापडेच.

हे सगळे घरच्या वापरासाठी होते. मित्रमंडळी येऊन ऐकत आणि आपल्यालाही असाच बनवून द्या, म्हणून मागे लागत. जीन यांनी आग्रह धरला, तेव्हा मरँट्झ यांनी घरातच शंभर नग बनवायचे ठरवले. एवढे कोण घेणार, ही शंका फार काळ टिकली नाही. वर्षभरात चारशेहून अधिक नगांना मागणी आली. १९५३च्या सुमारास रीतसर मरँट्झ कंपनी उभी राहिली. हाच कन्सोलेट पुढे मॉडेल १ म्हणून ओळखला जाऊ लागला.

ज्या अडचणीवर उत्तर शोधले, तीच संपली तर?

मरँट्झ यांच्यापुढे नेमका हाच पेच उभा राहिला. १९५४मध्ये अमेरिकेतल्या तबकडी उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, सर्वांसाठी एकच प्रमाण ठरवून दिले. (विनाइलच्या विक्रीचे आजचे आकडे जाहीर करणारी संघटनाही हीच.) या प्रमाणात १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा खर्ज वाजवताना जवळजवळ दहा पटींनी वाढवला जातो आणि २० हजार हर्ट्झची टीप तेवढ्याच प्रमाणात खाली आणली जाते. कंपन्या हळूहळू या प्रमाणावर आल्या. ३६ जुळण्यांचे मोल त्यामुळे दर वर्षी घटत गेले.

दुसऱ्या एखाद्या उत्पादकाने अशा वेळी माल स्वस्त केला असता. मरँट्झ यांनी सिडनी स्मिथ हा अभियंता हाताशी धरला आणि मंडलेच अधिक अचूक करण्यामागे लागले. १९५६मध्ये मॉडेल २ हा ४० वॉटचा व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आला. त्यानंतर स्टिरिओचे युग सुरू झाले. १९५७-५८च्या सुमारास दोन वाहिन्यांच्या तबकड्या बाजारात येऊ लागल्या आणि एका वाहिनीसाठी बनलेली सगळी यंत्रणा एका झटक्यात अपुरी पडली. मरँट्झच्या ग्राहकांसाठी पहिला उपाय काढला तो दोन मॉडेल १ घेऊन ते मॉडेल ६ या जोडणीपेटीने एकत्र चालवण्याचा. हा जुगाड फार दिवस चालणारा नव्हता. स्मिथ आणि मरँट्झ यांनी दोन्ही वाहिन्या एकाच पेटीत बसवल्या. तो प्रीअ‍ॅम्प म्हणजे मॉडेल ७.

मॉडेल ७मध्ये विशेष काय होते?

आत सहा व्हॉल्व्ह, सगळे एकाच जातीचे. अमेरिकेत त्याला १२एएक्स७ म्हणतात आणि युरोपात ईसीसी८३. या एका काचेच्या नळीत दोन ट्रायोड असतात, म्हणजे प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला सहा. त्यांतले तीन तबकडीसाठी आणि उरलेले तीन पुढच्या टप्प्यासाठी. तबकडीच्या टप्प्यात बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलट फिरवून पुन्हा सुरुवातीला दिला जातो. याला ऋण प्रतिपोषण म्हणतात. इक्वलायझेशनही त्याच वाटेने साधले होते. त्यामुळे व्हॉल्व्ह जुना झाला तरी जुळणी फारशी ढळत नाही आणि विकृतीही कमी राहते. नंतर अनेक उत्पादकांनी हे मंडल जवळजवळ जसेच्या तसे उचलले. आजही व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पची जुळणी शिकणारा हौशी माणूस कधी ना कधी या आराखड्यापाशी येतोच.

पेटीचा दर्शनी भाग मात्र चित्रकाराचा होता. फिक्या सोनेरी रंगाची धातूची पट्टी, डावी-उजवी बाजू तोलून ठेवलेली बटणे, मध्ये छोटे खटके. मोटरची घरघर आणि ओरखड्यांची चरचर कापण्यासाठी वेगळे खटके होते. मरँट्झच्या उपकरणांचा हा सोनेरी चेहरा नंतर कंपनीचे मालक बदलले तरी अधूनमधून परत येत राहिला.

इक्वलायझेशनच्या खटक्यावर जागा राहिल्या होत्या तीन : आरआयएए, कोलंबिया एलपी आणि जुन्या ७८. छत्तीसवरून तीनवर! आज मिळणाऱ्या बहुतेक प्रीअ‍ॅम्पवर तर यातली एकच उरली आहे.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी हा मुद्दा नुसता इतिहासातला नाही. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ यांच्या ७८च्या तबकड्या आजही अनेक घरांत आहेत. त्या कोरल्या गेल्या तेव्हा आरआयएएचे प्रमाण अस्तित्वात नव्हते. आजच्या साध्या फोनो प्रीअ‍ॅम्पवर त्या लावल्या तर खर्ज फुगतो आणि गळ्याची चमक निघून जाते. मग दोष तबकडीच्या वयाला दिला जातो. ७८ची खाच रुंद असल्याने त्यासाठी सुईही जाड लागते; एलपीची बारीक सुई तळाशी घसरत राहते. ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांनी प्रीअ‍ॅम्प निवडताना व्हॉल्व्हच्या आधी इक्वलायझेशन बदलता येते का, हे पाहावे.

आज व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प घेताना काय पाहावे?

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, अ‍ॅनोडकडे झेपावतात आणि मधली जाळी त्यांना कमी-जास्त करते. जाळीवर सूक्ष्म बदल झाला, की अ‍ॅनोडवर मोठा बदल उमटतो. या क्रियेत थोडी विकृती येतेच. पण ती बरीचशी मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची असते. त्यामुळे ती कानाला खुपत नाही, उलट आवाज भरदार वाटू शकतो. व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो असे म्हणतात, त्यामागचे एक कारण हे. मात्र काच चमकते म्हणून आवाज चांगलाच असेल, असे नाही. काही स्वस्त प्रीअ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह केवळ शोभेपुरता उजळत असतो आणि खरे काम आतली ट्रान्झिस्टरची चिप करते. विक्रेत्याला हे थेट विचारावे.

नीट पाहण्याची गोष्ट म्हणजे पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरशी जमणारी जोडी. व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पचा बाहेरचा रोध बहुधा जास्त असतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा आतला रोध त्याच्या किमान दहापट हवा. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला ते सहज जमे, कारण त्यांचा रोध लाखांच्या घरात असे. आजच्या काही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा रोध जेमतेम १० हजार ओहम असतो. अशी जोडी लावली, की खर्ज पातळ होतो आणि दोष विनाकारण स्पीकरला लागतो. दोन्ही माहितीपत्रकांतले हे आकडे खरेदीपूर्वी शेजारी ठेवून पाहिले तर पैसे वाया जात नाहीत.

मूळ मॉडेल ७ आज काही लाख रुपयांना विकला जातो. त्याच्या मोहात पडण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. साठ वर्षांपूर्वीचे कपॅसिटर वाळलेले किंवा गळके असू शकतात आणि ते बदलावे लागतात. शिवाय अमेरिकेसाठी बनलेले उपकरण सुमारे ११७ व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीत थेट लावले तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरावाच लागतो. (अमेरिकन रेकॉर्ड प्लेयर तर त्यानेही सुधारत नाही. ६० हर्ट्झसाठीची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर मंदावते आणि तबकडी ३३⅓ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते.) आत दोन-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. झाकण उघडण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे.

व्हॉल्व्ह मिळण्याची काळजी मात्र नको. १२एएक्स७ गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही वापरला जातो, त्यामुळे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये त्याचे उत्पादन अजून सुरू आहे.

मग मरँट्झ यांना कंपनी का विकावी लागली?

मॉडेल ७नंतरची काही वर्षे भरभराटीची होती. त्यानंतर आलेला मॉडेल ८ हा दोन वाहिन्यांचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि ७० वॉटचा मॉडेल ९ यांनी कंपनीचे नाव आणखी वर नेले. १९६१मध्ये अमेरिकेत एफएमवरून स्टिरिओ प्रसारणाला मान्यता मिळाली आणि मरँट्झ यांनी सर्वोत्तम एफएम ट्यूनर बनवायचे मनावर घेतले. हे काम रिचर्ड सेकेरा या अभियंत्याकडे सोपवले गेले.

सेकेरा यांनी तडजोड केली नाही आणि मरँट्झ यांनी ती करायला लावलीही नाही. मॉडेल १० आणि त्याची सुधारित आवृत्ती १०बी या ट्यूनरमध्ये चक्क लहानसा ऑसिलोस्कोपचा पडदा होता. स्टेशन नेमके लागले आहे का, इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी आवाज बिघडवत आहेत का, हे त्यावर दिसे. किंमत सुमारे ६०० डॉलर. हाय-फायच्या इतिहासात हा ट्यूनर अजूनही आदराने आठवला जातो. पण तो तयार करण्यात इतका पैसा गेला, की छोट्या कंपनीची तिजोरी रिकामी झाली.

ज्या माणसाने घरातल्या तबकड्यांसाठी काही वर्षे खपून ३६ जुळण्या केल्या, त्याने ट्यूनरबाबत वेगळे काही केले नव्हते. फरक इतकाच, की पहिल्या वेळी खर्च स्वतःच्या छंदाचा होता आणि आता दर आठवड्याला कामगारांचे पगार द्यायचे होते. व्यवहाराच्या दृष्टीने १०बीचा निर्णय चुकीचाच म्हणावा लागेल. श्रोत्यांना मात्र त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही.

१९६४मध्ये मरँट्झ कंपनी कॅलिफोर्नियातल्या सुपरस्कोपने विकत घेतली. सोनीचे टेपरेकॉर्डर अमेरिकेत विकणारी कंपनी ती हीच. सॉल मरँट्झ १९६८पर्यंत अध्यक्षपदी राहिले. तोपर्यंत व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. सत्तरच्या दशकात उत्पादन जपानमध्ये गेले आणि चांदीसारख्या चकचकीत मरँट्झ रिसिव्हरांचे अमाप पीक आले. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांनी आपल्याकडे आणलेले मरँट्झ बहुतांशी या नंतरच्या पिढीतले. १९८०मध्ये अमेरिका आणि कॅनडाबाहेरचे हक्क फिलिप्सकडे गेले. पुढे मालक बदलत राहिले आणि २०२५मध्ये हे नाव सॅमसंगच्या मालकीच्या हार्मनकडे आले.

स्वतःच्या नावाशिवाय मरँट्झ यांनी पुढे काय केले?

घरची यंत्रणा सुधारताना जाणकार आधी स्पीकरकडे आणि कार्ट्रिजकडे पाहायला सांगतात, कारण सर्वाधिक फरक तिथेच पडतो. प्रीअ‍ॅम्पचा क्रम नंतरचा. मरँट्झ यांचा प्रवास नेमका उलट झाला. प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, ट्यूनर असे सगळे करून झाल्यावर साठी ओलांडलेले मरँट्झ स्पीकरकडे वळले. जॉन डालक्विस्ट या अभियंत्याने एक वेगळ्याच घाटाचा स्पीकर तयार केला होता. त्यातले मधल्या आणि वरच्या स्वरांचे घटक पेटीत कोंडलेले नव्हते, उघड्या पट्ट्यांवर मागे-पुढे बसवलेले होते, जेणेकरून सगळे स्वर कानापर्यंत एकाच वेळी पोहोचावेत. मरँट्झ यांनी त्याच्यासोबत भागीदारी केली. १९७३मध्ये आलेला डीक्यू-१० हा स्पीकर खूप गाजला. त्यावर नाव होते डालक्विस्ट यांचे. मरँट्झ हे नाव तोवर दुसऱ्यांच्या मालकीचे झाले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, सीडीच्या ऐन भरात, मरँट्झ कंपनीने मॉडेल ७, ८बी आणि ९ ही व्हॉल्व्हची जुनी उपकरणे जुन्याच रूपात पुन्हा बाजारात आणली. ज्याने ती पहिल्यांदा बनवली, तो माणूस तेव्हा हयात होता. जानेवारी १९९७मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी सॉल मरँट्झ यांचे निधन झाले.